कौलांखालचा वारा

मे महिन्यात दुपारी दोन वाजता कल्याण स्टेशनवर उतरलात, तर सगळ्यात आधी काय जाणवतं? गर्दी म्हणाल, तर ती बाराही महिने असते. जाणवतो तो चिकचिकाट! घाम येतो, पण वाळायचं नाव घेत नाही. माझी भाची सुट्टीत नागपूरहून आली होती. तिकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो हे सांगताना तिची मान ताठ असते. पण कल्याणच्या पुलावरच ती कुरकुरायला लागली, "मामा, इथे ऊन कमी आणि घाम जास्त, असं कसं?"

प्रश्न चांगला होता. नागपूरच्या उन्हाळ्यात हवा कोरडी असते. घाम आला की लगेच वाळतो, आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हणून तिकडे कूलर चालतो. कल्याण आहे उल्हास नदीच्या खाडीकाठी. इथली हवा आधीच वाफेनं भरलेली. तिला आणखी पाणी नको असतं. अशा हवेत घाम वाळवायचा उपाय एकच, तो म्हणजे वारा. नागपूरचा कूलर इथे बंद खोलीत लावलात तर खोली भिजल्या कांबळ्यासारखी होईल. मित्रांनो, एवढं ध्यानात ठेवा, पुढची सगळी गोष्ट यावरच आहे.

आम्ही निघालो होतो माझ्या आत्याकडे, पारनाक्याच्या बाजूला. कल्याण तसं फार जुनं गाव. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यांत कल्याणचे व्यापारी आहेत. आगगाडी इथे आली १ मे १८५४ रोजी, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली त्याच्या पुढच्याच वर्षी. शिवाजी चौक, टिळक चौक असं करत आत शिरलं की उंच इमारतींच्या मधूनच एखादं कौलारू घर अजून डोकावतं. आत्याचं घर त्यातलंच. आता त्याचे दिवस भरत आले आहेत. घर पाडून तिथे सहा मजली इमारत बांधायची, असं सगळ्या भावंडांनी ठरवलंय. त्या इमारतीचा आराखडा बघायलाच आत्यानं मला बोलावलं होतं.

ओटीवर पाय ठेवला आणि भाची म्हणाली, "आत्याआजी, तुमच्याकडे एसी आहे?"

"एसी? पंखासुद्धा बंद आहे गं. दुपारी लाईट गेलेत."

भाचीला ते पटेना. ती माजघरात गेली, माळ्यावर चढली, परसदारी जाऊन आली. शेवटी झोपाळ्यावर बसलेल्या मोठ्या आजींपाशी, म्हणजे आत्याच्या सासूबाईंपाशी, येऊन बसली. आजी छ्याऐंशी वर्षांच्या. झोपाळा हीच त्यांची खोली.

हे घर थंड का राहतं ते आता बघू. वर मंगळुरी कौलं आहेत. ही कौलं बनवायचा कारखाना बासेल मिशननं मंगळूरला १८६५ साली काढला आणि पुढे ती सगळ्या कोकणपट्टीत पसरली. त्याआधी आपल्याकडे कुंभारानं चाकावर घडवलेली नळीची कौलं असत. कौल पातळ असतं. उन्हानं ते तापतं खरं, पण ऊन कलताच भराभर निवतं. दोन कौलांच्या सांध्यांत फटी असतात. गरम हवा हलकी, ती वर चढते आणि त्या फटींतून बाहेर पडते. तिच्या जागी खालून ताजी हवा आत येते. मध्ये माळा असतो, तो छत्रीसारखा. कौलांची आच खालच्या खोलीत थेट पोचत नाही. छप्पर भिंतीच्या पुढे हातभर आलेलं असतं, त्यामुळे भिंतींवर ऊनही पडत नाही आणि पाऊसही नाही. शिवाय पुढे ओटी, मागे पडवी, आणि पुढचं दार उघडलं की मागचं दार समोरासमोर! वाऱ्याला आत यायला वाट लागते, तशी बाहेर जायलाही लागते. हे लोक नेमके विसरतात.

पण जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. माळ्यावर उंदीर. वाशांना वाळवी. दरवर्षी पावसाच्या आधी घर शाकारायचं, म्हणजे कौलं काढून, फुटलेली बदलून परत बसवायची. हे काम करणारी माणसं आता मिळता मिळत नाहीत. आत्या म्हणते, "तुम्हांला दोन तास बसायला छान वाटतं रे. आषाढात चार ठिकाणी बादल्या मांडायला या." तिचंही खरंच आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात अशीच शाकारणी निघाली, म्हणून मोठ्या आजींना पंधरा दिवस त्यांच्या धाकट्या मुलाकडे नेलं होतं. कल्याण पूर्वेला, चौथ्या मजल्यावर. वर गच्ची. घर नवं, फरशी चकचकीत. तिसऱ्या रात्री अकराच्या सुमाराला आजी पाणी प्यायला उठल्या आणि चक्कर येऊन पडल्या. सलाईन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, उष्णतेचा त्रास आहे. सगळे चक्रावले. भर उन्हात कधी गेल्या नाहीत, रात्री कसली उष्णता?

याचं उत्तर गच्चीच्या स्लॅबमध्ये आहे. कल्याण विषुववृत्तापासून फक्त एकोणीस अंशांवर आहे. त्यामुळे मेच्या मध्यावर, १६ तारखेच्या आसपास, सूर्य दुपारी साडेबारानंतर चार-पाच मिनिटांनी बरोब्बर डोक्यावर येतो. त्या दिवशी अंगणात उभा ठेवलेला तांब्या बघा, त्याची सावली त्याच्याच खाली दडते! असा दिवस जुलैच्या शेवटाकडे पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात. म्हणजे उन्हाळ्यात आपल्या घराला सगळ्यात जास्त ऊन बसतं ते छपराला. दक्षिणेच्या भिंतीला फारसं नाही. कॉंक्रीटचा जाड स्लॅब दिवसभर ते ऊन पीत राहतो आणि त्याची उष्णता हळूहळू खाली सरकते. बाहेर संध्याकाळ होते, हवा निवते, तेव्हा कुठे ती छताच्या आतल्या बाजूला पोचते. रात्री त्या खोलीत पंखा लावला की पंखा छताजवळचीच गरम हवा खाली ढकलतो. आजी तव्याखाली झोपल्या होत्या म्हणा ना!

दुसरा शत्रू पश्चिमेची भिंत. दुपारनंतर सूर्य खाली येतो आणि तिरपा थेट खिडकीतून आत घुसतो. पूर्वेलाही सकाळी तेच होतं, पण तेव्हा हवा तरी जरा थंड असते. म्हणून घराची लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाची करावी आणि आखूड भिंती पूर्व-पश्चिमेला ठेवाव्यात, असं सांगतात. कल्याणात मात्र एक पेच आहे. समुद्रावरचा वारा येतो तोही पश्चिमेकडूनच. खिडकी ठेवली तर ऊन, बुजवली तर वाराही गेला!

संध्याकाळी आम्ही दुर्गाडीवर गेलो. कल्याण घेतल्यावर शिवाजी महाराजांनी इथे किल्ला बांधला आणि खाडीत आरमाराची सुरुवात केली, हे तुम्ही इतिहासात वाचलंच असेल. खाडीवरून वारा असा सुटला होता, की भाचीची टोपी उडाली. ती म्हणाली, "मामा, हा वारा घरात नेता आला तर?"

असा वारा घरात नेणारे लोक आहेत. सिंधमधल्या हैदराबाद शहरात एके काळी घराघराच्या छपरावर वाऱ्याची धुराडी असायची. त्यांना 'मंघ' म्हणत. सगळ्यांची तोंडं नैऋत्येला, कारण उन्हाळ्यात तिथे वारा तिकडूनच वाहतो. वरचा वारा पकडून ते धुराडं तो थेट खालच्या खोलीत सोडायचं. फाळणीनंतर सिंधमधून हजारो कुटुंबं आली, ती इथे कल्याणलगतच्या लष्करी छावणीच्या बराकींत राहिली. तीच वस्ती ८ ऑगस्ट १९४९ पासून उल्हासनगर झाली. वाऱ्याची धुराडी मात्र मागेच राहिली.

घरी आलो तेव्हा काकांनी आराखडा ओटीवर पसरला होता. मोठ्या आजींची खोली तिसऱ्या मजल्यावर. एकच खिडकी, तीही पश्चिमेला. समोरच्या भिंतीला दार आणि दारापलीकडे बंद पॅसेज. खिडकी सरकत्या काचांची. काका म्हणाले, "एसी लावू की आजीला."

एसीला माझा विरोध नाही. आजारी माणसाला, म्हाताऱ्या माणसाला तो लागतो. पण हिशेब बघा. साधा पंखा साधारण ७५ वॅट वीज खातो, नवे कमी विजेचे पंखे ३० वॅटच्या आसपास. दीड टनाचा एसी सुमारे १५०० वॅट, म्हणजे वीस साध्या पंख्यांची वीज! तापलेल्या खोलीत तर तो थांबतच नाही. आणि वीज गेली की एकाच खिडकीची ती खोली म्हणजे डबा. आज दुपारी या ओटीवर लाईट नसताना आजी निवांत झोपाळ्यावर होत्या. तिथे काय करतील?

मग आम्ही एक प्रयोग केला. तो तुम्हीही करा, पण मोठं माणूस जवळ असू द्या. उदबत्ती पेटवून खिडकीजवळ धरा. समोरचं दार बंद करा. धूर जागच्या जागी घोटाळतो. आता दार उघडा. धूर आडवा होऊन दाराकडे पळतो! आत्यानं माजघरात हे पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, म्हणजे खिडकीपेक्षा दाराचंच महत्त्व!"

दुसरा प्रयोग गणिताचा. केंद्र सरकारनं २०१८ साली घरांसाठी 'इको निवास संहिता' नावाची नियमावली काढली. तिच्यात आपल्यासारख्या उष्ण-दमट भागासाठी एक साधं माप आहे. घराचं जेवढं चटईक्षेत्र, त्याच्या निदान सहाव्या हिश्श्याइतक्या खिडक्या आणि बाहेर उघडणारी दारं खरोखर उघडता आली पाहिजेत. ३६० चौरस फुटांच्या घराला ६० चौरस फूट. 'खरोखर उघडता' हे महत्त्वाचं. सरकती खिडकी कितीही मोठी असो, एका वेळी अर्धीच उघडते. चार फूट बाय चार फुटांची खिडकी, म्हणजे सोळा चौरस फूट, पण वाऱ्याला मिळतात आठच! झडपेची जुनी खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. भाचीनं टेप घेऊन आराखड्यातल्या खिडक्यांची बेरीज केली. सहाव्या हिश्श्याच्या जवळपासही ती गेली नाही. काकांनी चष्मा काढून पुसला आणि दोनदा बेरीज तपासली.

रविवारी आर्किटेक्टबाई आल्या. मला वाटलं होतं, त्या रागावतील. पण भाचीचा कागद त्यांनी नीट वाचला. त्या म्हणाल्या, "प्लॉट अरुंद आहे. सगळ्या खोल्यांना दोन बाजू देता येणार नाहीत, हे आधीच सांगते. पण काही गोष्टी करता येतील." मग त्यांनी पेन्सिल काढली. आजींच्या खोलीपुढे पश्चिमेला गॅलरी, वर खोल छज्जा. म्हणजे ऊन गॅलरीतच अडेल आणि वारा आत येईल. आपली ओटीच की ती! दारावर झरोका, आणि बंद पॅसेजला बाहेरच्या बाजूनं जाळी. पश्चिमेच्या भिंती हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या ठोकळ्यांच्या. त्यांतून उष्णता सावकाश शिरते. गच्चीवर कोब्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीचे तुकडे बसवायचे. पांढरा रंग ऊन परत फेकतो. अहमदाबादला २०१७ पासून गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी रंगवतात ती याचसाठी, आणि तेलंगण सरकारनं २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच आखलं. काही भागावर सौर पट्ट्या, म्हणजे वीजही आणि स्लॅबला सावलीही. सौर शहरांच्या केंद्र सरकारच्या यादीत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली दोन्ही नावं होती, याची काकांना त्यांनीच आठवण करून दिली.

"खर्च वाढेल," काका म्हणाले. बिल्डरनंही तेच सांगितलं होतं.

"थोडा वाढेल. झरोक्याला आणि जाळीला फारसा नाही. गॅलरीसाठी मात्र खोली दोन फूट लहान होईल. ते तुम्हांला चालेल का, ते ठरवा."

दोन फुटांवरून बराच वाद झाला. धाकट्या काकांना मोठी खोली हवी होती. कल्याणमध्ये चौरस फुटाला काय भाव आहे ते त्यांनी तीनदा सांगितलं. आत्या गप्पच होती. मग ती एवढंच म्हणाली, "गेल्या वर्षी त्या रात्री तिथे मी होते."

मोठ्या आजी इतका वेळ झोपाळ्यावरून सगळं ऐकत होत्या. त्यांनी आर्किटेक्टबाईंना जवळ बोलावलं.

"काय गं, माझा झोपाळा कुठे टांगणार?"

बाईंनी आराखड्याकडे पाहिलं, मग पारनाक्याच्या गल्लीतून येणाऱ्या वाऱ्याच्या दिशेनं पाहिलं, आणि गॅलरीच्या छतावर पेन्सिलीनं दोन छोटे आकडे काढले. नवा आराखडा पुढच्या रविवारी येणार आहे. धाकट्या काकांची सही अजून व्हायची आहे.