अजून किती राहिलं?

मुलांना घेऊन मोटारीने लांबच्या प्रवासाला निघालेल्या आईबापांना हा प्रश्न नवा नाही. गाडीने गावाची वेस ओलांडलेली नसते, तोच मागच्या बाकावरून आवाज येतो, "अजून किती राहिलं?" आमचे बिऱ्हाड पुण्याला आणि माझे माहेर कणकवलीच्या पुढे, मालवणच्या वाटेवरच्या एका खेड्यात. सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, गगनबावडा असे करीत जायचे म्हणजे अंतर चारशे किलोमीटरांच्या घरात जाते. २०१७ च्या दिवाळीत मी हा प्रश्न मोजायला घेतला. कोल्हापूर येईपर्यंत तो एकेचाळीस वेळा आला. पुढे मोजण्याचे त्राण राहिले नाही.

थोरली तेव्हा दहा वर्षांची होती, धाकटा पाच. हे एरवी अगदी शांत गृहस्थ. पण चाकामागे बसले की यांच्या अंगात कुणी सरदार संचारतो. 'दुपारी एकला पानावर बसायचे' अशी प्रतिज्ञा करून निघायचे. मग वाटेत चहाला थांबणे म्हणजेसुद्धा माघार! मीही माझ्या परीने शहाणपणा केला होता. दोघांच्या हाती एकेक मोबाईल देऊन ठेवला होता. तासभर गाडीत अशी काही शांतता नांदली की मी स्वतःवरच खूश झाले.

खंबाटकीच्या वळणांवर धाकट्याने पहिली उलटी केली. तिसरी करूळ घाटात. त्याच सुमारास थोरलीचा मोबाईल बंद पडला, तिने भावाचा ओढला, आणि रडारडीला तोंड लागले. यांनी गाडी बाजूला घेतली आणि मागे वळून मुलांना जे काही ऐकवले ते इथे लिहीत नाही. त्यावर मी यांना जे ऐकवले तेही लिहीत नाही.

दीड वाजता पोहोचलो. म्हणजे प्रतिज्ञा जवळजवळ पार पडली होती! आई भाकरतुकडा घेऊन पायरीवर उभी होती. थोरली तिच्याकडे न बघताच आत जाऊन झोपली. धाकटा पानाकडे फिरकला नाही. आईने पहाटेपासून खपून शिरवाळे केले होते. ते आणि नारळाचा रस, दोन्ही तसेच राहिले. आई काही बोलली नाही. संध्याकाळी एवढेच म्हणाली, "पोरां दमली गो."

पुढच्या वर्षी दिवाळीची सुट्टी जवळ आली, तेव्हा थोरलीने सांगून टाकले, "मला आजी हवी आहे, पण ती गाडी नको. तूच आजीला इकडे बोलाव ना!" माझी आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. गुडघ्यांमुळे तिला अंगण ओलांडणे जड जाई. ती कुठली पुण्याला येते! मुले जाणार नसतील तर आजी-नातवंडांची भेट फोनवरच्या चार वाक्यांपुरती उरणार, हे मला त्या दिवशी स्पष्ट दिसले. मग मात्र मी कंबर कसली.

पहिली गोष्ट केली ती अगदी साधी. गाडी दारात उभी असताना मी धाकट्याच्या जागेवर जाऊन बसले आणि वाकून डोके त्याच्या उंचीवर नेले. काय दिसले म्हणाल? पुढच्या बाकाची पाठ! खिडकीची कड त्याच्या कपाळाला लागत होती. वर आभाळाची एक पट्टी तेवढी होती. आम्ही "बाहेर बघ, केवढी मजा आहे" म्हणत होतो आणि त्या बिचाऱ्याला बाहेर म्हणून काही नव्हतेच. आठ-नऊ तास कुणी मला एका पाठीकडे बघत बसवले असते, तर मीही एकेचाळीस वेळा विचारले असते.

त्याच्यासाठी मुलांची उंच बैठक आणली. तिच्यामुळे पट्टा गळ्यावर न येता खांद्यावरून नीट बसला, आणि खिडकीही त्याच्या डोळ्यांसमोर आली. (चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा असे आसन नसेल तर हजार रुपये दंड, ही तरतूद पुढे २०१९ च्या कायदादुरुस्तीत आली.)

दुसरी गोष्ट उलटीची. आमच्या डॉक्टरांनी समजावले की त्यात पोटाचा फारसा दोष नसतो. कानाच्या आतल्या भागात शरीराची हालचाल जाणणारी एक यंत्रणा असते. गाडी वळली की तिला कळते. पण डोळे मांडीवरच्या पडद्यावर खिळलेले असले, तर ते मेंदूला सांगतात की आपण जागच्या जागी आहोत. दोन साक्षीदारांच्या साक्षी जुळत नाहीत आणि जीव मळमळू लागतो. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास विशेष होतो. म्हणजे माझा मोबाईलचा शहाणपणाच मुळात अंगाशी आला होता. उपाय म्हणून नजर लांब ठेवायची, काच थोडी खाली करायची आणि पोट रिकामे ठेवायचे नाही, तसेच भरगच्चही नाही. मोबाईल माझ्या पिशवीत गेले. डब्यात तूपगूळपोळीच्या सुरळ्या, मुरमुरे आणि केळी आली.

आता प्रश्न राहिला तो वेळेचा. मला माझे वडील आठवले. लहानपणी ते आम्हा भावंडांना कणकवलीहून कोल्हापूरला आत्याकडे एस.टी.ने नेत. प्रवास काही सुखाचा नसे. मीसुद्धा त्या घाटात हमखास ओकत असे. पण वडील दर थांब्यावर आम्हाला खाली उतरवत आणि एकेकाला काम देत. कुणी पुढच्या गावाचे नाव कंडक्टरला विचारून यायचे, कुणी पूल मोजायचे. त्यामुळे ती वाट आम्हाला आमची वाटे. आमच्या मुलांना मात्र आम्ही सामानासारखे भरत होतो आणि सामानासारखे उतरवत होतो.

म्हणून २०१८ च्या दिवाळीत निघताना मी कामे वाटली. धाकटा खजिनदार. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी या चारही टोलनाक्यांचे पैसे त्याच्या डबीत. नोटा मोजून वडिलांच्या हाती द्यायच्या, सुटे परत घ्यायचे. (२०२१ साली फास्टॅग सक्तीचा झाला आणि हे खाते बुडाले.) शिवाय गाड्यांच्या पाट्या वाचण्याचे कामही त्याच्याकडेच होते. पुण्याचे बारा, साताऱ्याचे अकरा, सांगलीचे दहा, कोल्हापूरचे नऊ, सिंधुदुर्गाचे सात. आकडे उतरत चालले की आजी जवळ येते, हे त्याला शिरवळपर्यंतच कळून चुकले. तेव्हापासून "किती राहिलं" हे तो आम्हाला विचारीनासा झाला. उलट तोच आम्हाला सांगू लागला.

थोरलीकडे मी एक चाळीस पानी वही दिली. वाटेत जी जी नदी ओलांडू तिचे नाव लिहायचे, आणि ती कुठून येते नि कुठे जाते ते नकाशात शोधायचे. मात्र वही उघडायची ती गाडी थांबल्यावरच. "एवढंच?" म्हणून तिने नाक मुरडले. शिरवळला नीरा लागली. भुईंजजवळ कृष्णा. साताऱ्याच्या अलीकडे वेण्णा, पलीकडे उरमोडी, उंब्रजला तारळी. आम्ही साताऱ्याच्या पुढे चहाला थांबलो, तेव्हा ती वहीतून मान वर करून म्हणाली, "आई, वेण्णा, उरमोडी, तारळी, सगळ्या कृष्णेलाच मिळतात!"

कऱ्हाडला मी यांना गाडी गावात घ्यायला लावली. यांनी घड्याळाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मुकाट्याने वळण घेतले. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना एकमेकींच्या समोरासमोर येतात, गळ्यात पडतात आणि मग काटकोनात वळून एकत्र निघतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. दोन्ही नद्या महाबळेश्वरी उगम पावलेल्या. एक वाईवरून आलेली, दुसरी सह्याद्रीच्या डोंगररांगांतून. "म्हणजे या बहिणी इतक्या दिवसांनी भेटतात?" धाकट्याने विचारले. आणि मग लगेच, "त्या भांडत नाहीत?" हे हसले. गाडी सुरू झाल्यापासून हे प्रथमच हसले होते.

सगळे गोडच झाले, असे मात्र समजू नका. वारणा ओलांडून पुढे गेलो, तर उसाच्या ट्रॅक्टरांमागे आमची गाडी पाऊण तास रखडली. खजिनदाराच्या डबीतले दहा रुपये हरवले आणि त्याने बहिणीवर आळ घेतला. ते पायाखाली सापडले, तोवर एकाच्या दंडाला चिमटा बसला होता. यांच्यातला सरदारही जागा होऊ लागला होता, पण मागून थोरली म्हणाली, "बाबा, आता पंचगंगा. ती चुकली तर माझी यादी मोडेल. हळू घ्या ना." आणि ज्यांनी जन्मात कुणाच्या सांगण्यावरून गाडी हळू घेतली नव्हती, त्यांनी ती घेतली.

कोल्हापूरला जेवताना वही पुरी झाली. नीरा भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेत, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत. आमच्या घराजवळची मुठासुद्धा मुळेतून, भीमेतून शेवटी कृष्णेतच जाते. घरापासून इथवर नऊ नद्या, आणि नऊही नद्यांचे पाणी कृष्णेच्या वाटेने आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते! मी या वाटेने वीस वर्षे माहेरी जात होते. माझ्या हे कधी ध्यानात आले नव्हते.

गगनबावड्याला, घाट उतरण्याआधी, वडील उतरवीत तसे मी सगळ्यांना खाली उतरवले. समोर कोकण धुक्यात पसरले होते. मी सांगितले, की पावसाचा थेंब कड्याच्या या बाजूला पडला तर कुंभी नदीतून पंचगंगेत आणि तिथून पूर्वेच्या समुद्राला जातो. वीतभर पलीकडे पडला तर दरी उतरून अरबी समुद्राला. थोरलीने आपल्या बाटलीतले पाणी थोडे या अंगाला ओतले, थोडे त्या अंगाला. मग भावालाही दिले. आणि मग, वाचकहो, खोटे वाटेल, यांनीही बाटली मागून घेतली.

घाटात धाकट्याला एकदा मळमळले. गाडी सुरक्षित जागी थांबवली, पाच मिनिटे वाऱ्यावर उभा केला, आणि तो सावरला.

आम्ही पोहोचलो तेव्हा चार वाजले होते. आदल्या वर्षापेक्षा अडीच तास उशीर! आई पायरीवरच होती. भाकरतुकडा ओवाळून होतो न होतो, तोच थोरली तिच्या कुशीत शिरली आणि वही वाचू लागली. आईने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "आणि आमच्या गडनदीचा नाव खय आसा?" कणकवलीच्या पुढे आम्ही गडनदी ओलांडली होती, पण ती कृष्णेला मिळत नाही म्हणून यादीतून वगळली होती! मग आईने सांगितले, की ती लग्न होऊन आली तेव्हा इकडे पूल नव्हता. वऱ्हाड होडीतून उतरले, आणि काठावर पाय ठेवताना तिचे एक जोडवे पाण्यात पडले. ही गोष्ट मी, तिची लेक, पहिल्यांदाच ऐकत होते. शिरवाळ्यांचे पातेले त्या दिवशी चाटूनपुसून रिकामे झाले.

थोरलीने वहीचे दहावे पान आजीपुढे धरले. आईने चष्मा लावून आपल्या थरथरत्या अक्षरात गडनदीवर चार ओळी लिहिल्या. त्यानंतर आम्ही एकदाच दिवाळीला तिच्याकडे जाऊ शकलो. २०२० साली साथीमुळे जाणे झाले नाही, आणि २०२१ च्या पावसाळ्यात आई गेली. तिच्या हातचे लिहिलेले आमच्या घरी दुसरे काही नाही. त्या चार ओळी तेवढ्या आहेत.

थोरली आता कॉलेजात जाते आणि घाटाखाली गाडी तीच चालवते. कऱ्हाड आले की कुणी न सांगता वळण घेते. या दिवाळीत तुम्हीही मुलांना घेऊन निघणार असाल, तर पोहोचण्याची वेळ ठरवण्याआधी क्षणभर मागच्या बाकावर बसून बघा, आणि एक कोरी वही बरोबर घ्या.