एक यंत्र, चार पडदे

गेल्या दिवाळीपूर्वी आमच्या सांगलीच्या घराला रंग देण्याचे काम काढले होते. स्वयंपाकघरामागील खोलीच्या भिंतीतून एक काळी, गोल वायर वीतभर बाहेर आलेली होती. रंगारी म्हणाला, "काका, ही वायर मेलेली आहे. कापून टाकू का?" मी "राहू दे" म्हणालो. त्याला नवल वाटले असावे. हिशेबाच्या वहीत निरुपयोगी वस्तू निर्लेखित करण्याचे काम मी बँकेत छत्तीस वर्षे केले; पण ही एक वस्तू मला निर्लेखित करता आली नाही. त्याचे कारण सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

वडिलांचे, म्हणजे अप्पांचे, हळदीचे अडत दुकान होते. थोरले बंधू दुकानात आणि मी बँकेत. एकत्र कुटुंबात लहानमोठी मिळून तेरा माणसे. १९८७ च्या वैशाखात धाकट्या बहिणीचे लग्न झाले आणि त्या लग्नाची तीन तासांची व्हिडिओ कॅसेट घरी आली. दादांनी त्याच सुमारास मुंबईहून व्हीसीआर आणला होता. सायंकाळची जेवणे सूर्यास्तापूर्वी आटोपत, त्यामुळे पुढचा वेळ मोकळा असे. दिवाणखान्यातील रंगीत टीव्हीसमोर अप्पा आरामखुर्चीत बसत. त्यांच्या मागे काका, दादा, मी आणि मुले. घरातील सुनांनी मात्र सासऱ्यांसमोर बसावयाचे नाही, अशी रीत होती. ती रीत कोणी लिहून ठेवलेली नव्हती आणि म्हणूनच कोणी बदलतही नव्हते.

ज्या दिवशी लग्नाची कॅसेट प्रथम लावली, त्या दिवशी वहिनी आणि माझी पत्नी स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या होत्या. अर्धवट उघड्या दारातून जेवढे दिसेल तेवढे त्यांनी पाहिले. लग्नाचे चारही दिवस ज्यांनी दोनशे पानांची उठाठेव केली, त्यांना ते लग्न फटीतून पाहावे लागले. रात्री पत्नी एवढेच म्हणाली, "अहो, मुलीची पाठवणी झाली तेव्हा मी मागे भांडी मोजत होते. आज बघेन म्हटलं होतं, तर मध्ये काकांचं डोकं आलं." तक्रारीचा सूर नव्हता. तसा सूर असता तर कदाचित मी विसरूनही गेलो असतो.

मागच्या खोलीत आमचा जुना कृष्णधवल टीव्ही पडून होता. एकाच यंत्राचे चित्र दोन टीव्हींवर नेता येईल का, असा विचार मनात आला. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. विजेच्या तारेशी संबंध फ्यूज बांधण्यापुरता. तरीही एका रविवारी वायर विकत आणली, मूळ वायरीला जोड देऊन पिळली आणि वर चिकटपट्टी लावली. परिणाम असा झाला की दोन्ही पडद्यांवर नवरदेवाच्या शेजारी नवरदेवाची फिकट सावली उभी राहिली आणि बाकी सर्वत्र मुंग्या धावू लागल्या. अप्पा म्हणाले, "होतं ते पण घालवलंस."

अखेर रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराला बोलावले. त्याने मला जे समजावले ते आजही स्मरणात आहे. व्हीसीआर हे एक छोटेखानी दूरदर्शन केंद्रच असते. कॅसेटवरील चित्र आणि आवाज एकत्र करून तो एका मोकळ्या चॅनलवर, बहुधा तीन किंवा चारवर, वायरीतून सोडतो. प्रत्येक टीव्ही त्या चॅनलवर लावला की झाले. मात्र ही वायर साध्या दिव्याच्या वायरीसारखी कशीही पिळून चालत नाही. ती पंचाहत्तर ओहमची असते. मध्ये वेडावाकडा सांधा आला की काही संदेश तेथून मागे परततो आणि पडद्यावर सावली दिसते. त्यासाठी स्प्लिटर नावाची छोटी डबी बसवावी लागते. आमच्या जुन्या टीव्हीला तर चपट्या, दोन तारांच्या वायरीची जोडणी होती. ती तीनशे ओहमची, म्हणून तेथे आणखी एक लहानसा जोड लागला.

दोन टीव्हींना वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला निम्म्याहून थोडी कमी शक्ती येते. ही घट डेसिबलमध्ये मोजतात. दर तीन डेसिबलला शक्ती निम्मी होते. सहाला चतुर्थांश, नऊला अष्टमांश. हे ऐकून मला चक्रवाढ व्याजाची आकडेमोड आणि लॉगची कोष्टके आठवली. वाटणी झाली की वाटा लहान होतो, हे व्यापाऱ्याच्या घरात वेगळे शिकवावे लागत नाही.

त्या संध्याकाळी मागच्या खोलीत आई, काकू, वहिनी आणि माझी पत्नी अशा चौघी बसल्या. समोर अप्पा नाहीत, पदर सावरण्याची घाई नाही. चित्र कृष्णधवल होते, पण त्या खोलीतून जे हसणे ऐकू आले ते दिवाणखान्यात कधी ऐकले नव्हते. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

हे समाधान फार टिकले नाही. आठ दिवसांनी आईला विचारले, "आता नीट दिसतं ना?" ती म्हणाली, "दिसतं रे. पण तुम्ही थांबवलं की आमचं थांबतं, तुम्ही पुढं पळवलं की आमचं पळतं. वायर आमच्यापर्यंत आली, कळ तुमच्याच हातात राहिली."

मी निरुत्तर झालो. तिचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्याही बिनचूक होते. यंत्र एक असेल तर पडदे कितीही असोत, चित्र एकच. पाठवणीचा प्रसंग आला की काका उठत आणि "हे रडणं पुरे" म्हणून कॅसेट पुढे पळवत. बायकांना नेमके तेच पाहावयाचे असे.

अप्पा आमचे बोलणे ओसरीवरून ऐकत होते, हे मला ठाऊक नव्हते. पुढच्या रविवारी दुपारी त्यांनी दादांना हाक मारली आणि म्हणाले, "ते यंत्र आत नेऊन ठेव. त्यांचं झालं की बाहेर आण." वायरीला दिशा नसते. डबी मागच्या खोलीत हलवली आणि त्याच वायरीने चित्र उलट दिवाणखान्यात आले. त्या दुपारी पाठवणी दोनदा झाली. अप्पांनी आपल्या खुर्चीत बसून ती दोन्ही वेळा पाहिली. बोलले काहीच नाहीत, पण टीव्ही बंदही केला नाही. आमच्या घरात त्या दिवशी काय बदलले ते वहीत मांडता येणार नाही. पुढे काही वर्षांनी सुना दिवाणखान्यात बसू लागल्या, तेव्हा कोणालाही आश्चर्य वाटले नाही एवढे खरे.

येथेच थांबलो तर हिशेबाची एकच बाजू सांगितल्यासारखे होईल. पुढील चार-पाच वर्षांत वायर दादांच्या खोलीत गेली, मग माझ्या. पडदे चार झाले. चित्र क्षीण झाले तेव्हा बूस्टर आणला. तो मी शेवटच्या टीव्हीजवळ लावला, तर मुंग्याच मोठ्या दिसू लागल्या. कारागीर म्हणाला, "साहेब, बूस्टर सुरुवातीला लावायचा. वाटेत चित्र खराब झाल्यावर वाढवलंत तर खराबीच वाढणार." नंतर केबल आली, प्रत्येक खोलीला आपापले चॅनल मिळाले आणि एकच चित्र पाहण्याचे कारण उरले नाही. दिवाणखान्यातील आरामखुर्ची रिकामी राहू लागली. अप्पा म्हणत, "घरात चार टीव्ही आणि बोलायला एक माणूस नाही." ते ऐकताना मला ती पहिली डबी आठवे. दाराआड उभ्या असलेल्यांना बसायला जागा मिळावी म्हणून मी वायर ओढली होती. त्याच वायरीने पुढे सगळ्यांना उठून जायलाही वाट दिली. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. एकीने दुसरी खोडली जात नाही.

आता अप्पा नाहीत, आई नाही. व्हीसीआर तर बाजारातूनही गेला. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली त्याचे उत्पादन थांबवले. कॅसेटला बुरशी लागण्यापूर्वी पुतण्याने ती संगणकावर उतरवून घेतली. रंगकाम झाल्यावर बहीण माहेरी येणार होती, तेव्हा ती सर्वांनी मिळून पाहावी असे ठरले. दादा अर्धांगवायूनंतर जिना उतरू शकत नाहीत. पुतण्या म्हणाला, "काका, प्रत्येकाच्या मोबाईलवर पाठवतो, ज्याला हवं तेव्हा बघेल." मी म्हणालो, "नको. एकाच वेळी दिसलं पाहिजे."

त्याने एचडीएमआयचा स्प्लिटर आणला. जुने प्रश्न नव्या रूपात पुन्हा आले. ही वायर दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, म्हणून दादांच्या खोलीपर्यंत लॅनची वायर आणि दोन्ही टोकांना एकेक डबी लागली. एक टीव्ही जुना असल्याने सर्वांनाच त्याला झेपेल तेवढ्या स्पष्टतेवर यावे लागले. हे मला आवडले. एकत्र कुटुंबात असेच चालत असे.

रिमोट कोणाकडे द्यावयाचा, हे मात्र मी आधीच ठरवले होते. तो पत्नीच्या हाती दिला.

पाठवणीचा प्रसंग आला. वरून दादांचा हुंदका आणि खाली बहिणीचा, एकाच क्षणी ऐकू आला. त्यानंतर मांडवाचा मागचा भाग क्षणभर दिसला आणि पत्नीने चित्र थांबवले. थोडे मागे नेले, पुन्हा थांबवले. कोपऱ्यात पितळी भांड्यांच्या चळतीपाशी एक तरुण सून वाकून काही मोजत होती. दादांच्या नातीने विचारले, "आजी, ही कोण?"

"मी," पत्नी म्हणाली. सदतीस वर्षांत हे दृश्य तिने कधी पाहिले नव्हते. मी पाहिले असूनही मला दिसले नव्हते.

चारही खोल्यांतील चित्र थांबलेले होते. "पुढे लाव" असे या वेळी कोणीही म्हणाले नाही.