मागे राहिलेल्या

अधिक महिना लागून दोनच दिवस झाले होते. 20 जुलै 2023, गुरुवार. मुलुंडहून निघालेल्या गाडीत, बायकांच्या डब्यात, अनारशांचं बोलणं चाललं होतं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, पिठी जाड नको, जावयाला मोजून तेहेतीस द्यायचे. बाहेर पाऊस असा, की नाहूर कधी मागे पडलं ते कळलं नाही. आदल्या रात्री खालापूरजवळच्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला होता, आणि प्रत्येकीच्या फोनवर तोच चिखल होता. त्या चिखलाच्या दोन चित्रांच्या मधोमध ते आलं.

दोन बायका, शेताची वाट, आणि भोवती हसणारे पुरुष.

मी ते पूर्ण पाहिलं नाही. माझ्या समोरच्या मुलीनं फोन पालथा करून मांडीवर ठेवला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "मणिपूर." बाई वाकल्या, तिचा फोन उलटून बघितला आणि तसाच परत ठेवला. "अगंबाई," एवढंच म्हणाल्या. मग हळूच, "नको बघूस सकाळी सकाळी." भांडुप आलं. दोघी आत शिरल्या, भिजलेल्या छत्र्या आतल्या बाजूला गेल्या, "कुठे उतरणार?" सुरू झालं. घाटकोपरला मेट्रो पकडणाऱ्यांची झुंबड दाराशी गेली, आणि ती उतरल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा अनारसे आले. गूळ चिकीचा घ्यायचा का साधा. मीही ऐकत होते. मीही सांगितलं, साधा.

त्या डब्यात एकही बाई दुष्ट नव्हती. गरोदर मुलगी चढली तर याच बायका आपणहून उठतात. कुणाला भोवळ आली तर पाणी, लिंबाची गोळी, पदराचा वारा, सगळं क्षणात जमतं. म्हणूनच ती सकाळ मला सोडत नाही. दगडाच्या माणसांनी मान फिरवली असती तर समजून घेता आलं असतं.

फोनवर दिसलेली ती घटना 4 मे 2023 ची. मणिपूरच्या कांगपोक्पी जिल्ह्यातलं बी. फायनोम नावाचं गाव. आदल्याच दिवशी मैतेई आणि कुकी या समाजांत हिंसा पेटली होती. पोलिसांच्या ताब्यातून जमावानं आम्हाला ओढून नेलं, असं त्या कुकी बायकांचं सांगणं. 18 मे रोजी सैकुल पोलीस ठाण्यात तक्रार नोंदली गेली. ती दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली म्हणून तिकडे पोचायलाच जून उलटत आला. चित्रफीत बाहेर पडली 19 जुलैला. पहिली अटक 20 जुलैला. म्हणजे दोन महिने एका कागदावर सगळं लिहिलेलं होतं आणि कुणी हललं नव्हतं. बाईनं सांगितलेलं पुरलं नाही. तिची विटंबना साऱ्या देशाला फोनवर दिसली, तेव्हा कुठे ती खरी ठरली. हा तिच्यावर झालेला दुसरा अन्याय, आणि यात आपण सगळे आहोत.

त्याच मणिपुरात, 2004 च्या जुलैमध्ये, थांगजाम मनोरमाला आसाम रायफल्सच्या जवानांनी घरातून उचलून नेलं आणि दुसऱ्या दिवशी तिचा देह सापडला. चार दिवसांनी, 15 जुलैला, इंफाळच्या कांगला किल्ल्याच्या दारात बारा आया उभ्या राहिल्या आणि त्यांनी अंगावरची वस्त्रं उतरवली. आम्हीही मनोरमाच्या आया आहोत, आमच्यावरही करा, असं त्यांनी बंदूकधाऱ्यांना बजावलं. त्या मैतेई होत्या. एकोणीस वर्षांनी ज्यांना शेतातून नेलं त्या कुकी होत्या. बाजू बदलतात. जिच्या अंगावर लढाई लढली जाते, ती बाईच असते.

मुलुंड कॉलनीकडे राहणाऱ्यांना माहीत असेल, फाळणीनंतर तिथे निर्वासितांची छावणी होती. सिंधमधून आलेली कुटुंबं बरॅकींत राहिली, मग घरं झाली, दुकानं झाली, मुलांना फर्डं मराठी येऊ लागलं. माझ्या लहानपणी आमच्या पहिल्या मजल्यावर एक सिंधी आजी राहायच्या. आम्ही त्यांना दादी म्हणायचो. त्यांच्या गॅलरीत उन्हाळाभर पापड वाळत असायचे आणि राखण करणाऱ्या मुलांना त्या कराचीच्या गोष्टी सांगायच्या. घराची गच्ची, बंदर, बोटीवरची गर्दी, कुलूप नसलेली लोखंडी ट्रंक. गोष्ट रंगात यायची. आणि दरवेळी एका ठिकाणी त्या थांबायच्या. घरातली सगळी कोण कोण बोटीत चढली ते बोटांवर मोजताना म्हणायच्या, "बडी उधर रह गई." मोठी बहीण तिकडेच राहिली. मग पापड उलटायला उठायच्या.

मला वाटायचं, लग्न होऊन तिकडे असेल. पुष्कळ वर्षांनी, दादी गेल्यावरच, फाळणीबद्दल वाचताना माझ्या लक्षात आलं की "राहिली" या शब्दात काय काय मावतं. मागे राहणं, हरवणं, नेली जाणं, विहिरीत उडी घेणं, दुसऱ्याच कुणाच्या घरात दुसऱ्याच नावानं जगणं. त्या वेळच्या सरकारी अंदाजांनुसार पाकिस्तानात पळवून नेलेल्या हिंदू आणि शीख बायका 33 हजार होत्या, आणि भारतात पळवलेल्या मुसलमान बायका 50 हजार. त्यांना शोधून परत पाठवण्यासाठी 1949 साली कायदा झाला. त्या कायद्यात एक गोष्ट नव्हती. तुला जायचं आहे का, हे त्या बाईला विचारण्याची तरतूद नव्हती. ज्यांनी पळवलं त्यांनी विचारलं नाही, आणि ज्यांनी सोडवलं त्यांनीही नाही.

दादींच्या बहिणीचं यातलं काय झालं, कोण जाणे. मी त्यांना कधी विचारलं नाही.

आपल्या भाषेकडे बघते तेव्हा घसा कोरडा पडतो. अब्रू गेली, म्हणतो आपण. गेली कुणाची? ज्यानं केलं त्याची जायला हवी होती, आपण तिची गेली म्हणतो. बाटली म्हणतो. नासवली म्हणतो. तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणतो, तेही तिलाच. लाज लुटली म्हणतो, म्हणजे ती कुठल्या तरी तिजोरीत होती आणि तिजोरी दुसऱ्या कुणाची तरी. याच "लुटणे" क्रियापदानं आपण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटतो, दसऱ्याला सोनं लुटतो. इतकं आनंदाचं क्रियापद या जागी वापरताना आपली जीभ अडखळत नाही. हा दोष एकट्या मराठीचा नाही. युद्धकाळात नागरिकांना जपण्यासाठी 1949 साली जो जिनिव्हा करार झाला, त्यातही बलात्कार हा स्त्रीच्या अब्रूवरचा हल्ला म्हणूनच लिहिला आहे. तिच्या शरीरावरचा, तिच्या मनावरचा, असं लिहायला जगाला अजून पुष्कळ वर्षं लागायची होती.

कुणी म्हणेल, मणिपूर लांब आहे, कराची लांब आहे, माणूस आपलं सोडून किती जणांसाठी रडेल. म्हणून आपलंच घेते.

14 जानेवारी 1761. पानिपत आपल्या इतकं आतलं आहे की ते गावाचं नाव उरलंच नाही. परीक्षेत नापास झालेल्याचंही पानिपत होतं. मराठ्यांच्या फौजेबरोबर तीर्थयात्रेला निघालेली कुटुंबं होती, सरदारांच्या बायका होत्या, दासी होत्या, चाकरमाणसांच्या लेकीबाळी होत्या. हार झाल्यावर सावकाराच्या कासिदाकडून एक सांकेतिक पत्र नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडलं. ते प्रत्येक मराठी मुलाला शाळेत सांगितलं जातं. दोन मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे मोठे सरदार. आणि रुपये, खुर्दा म्हणजे बाकीचे शिपाईप्यादे, ज्यांची गणती नाही.

शाळेत असताना हे ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. आज तेच पत्र मी नाण्यांसारखं हातावर पालथं घालून बघते. त्यात मोती आहे, मोहर आहे, रुपया आहे, खुर्दाही आहे. त्यात बाई नाही. लढाईनंतर जगल्यावाचल्या बायकामुलांना गुलाम म्हणून हाकत नेलं. जुन्या तवारिखेत त्यांचा आकडा 22 हजार सांगितला आहे. तो आकडा थोडा इकडचा तिकडचा असेल. पण त्यातल्या बायकांसाठी आपल्याकडे एक कवडीसुद्धा ठरलेली नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई परत आल्या, म्हणून त्यांचं नाव उरलं. ज्या परत आल्या नाहीत त्यांची नावं गेली, आणि त्यांचं काय झालं असेल हे विचारण्याची रीतही गेली. कादंबऱ्या झाल्या, पोवाडे झाले, सिनेमे झाले. भाऊ खरंच पडला का, तोतया कोण, अब्दालीच्या तोफा किती, होळकर का गेले, यावर आपण पिढ्यानपिढ्या वाद घातला. थंडीत, दोरांनी बांधून, उत्तरेच्या वाटेवर चालणाऱ्या त्या बायका कोणत्या गावच्या होत्या, यावर आमच्या घरात कधीच बोलणं निघालं नाही. त्या वाईच्या असतील, साताऱ्याच्या असतील, कुणी आपल्याच आडनावाच्या असतील.

तेव्हा लांब आहे म्हणून आपण रडत नाही, हे खरं नाही. हिशेबाच्या वहीत त्यांच्यासाठी रकानाच आखलेला नाही, हे खरं आहे. त्या गुरुवारी लोकलमध्ये जी शांतता पसरली आणि घाटकोपरला विरून गेली, ती फार जुनी आहे. ती आपल्याला आज्यांकडून आली आहे, पापडाच्या पिठासारखी, हातोहात.

ती मोडते कधी? मोडल्याचे दोन प्रसंग मला ठाऊक आहेत.

एक रवांडाचा. 1994 च्या हत्याकांडाचा खटला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात उभा राहिला तेव्हा अकायेसू या नगरप्रमुखावरच्या आरोपपत्रात बलात्काराचं कलमच नव्हतं. एक साक्षीदार बाई दुसरंच काही सांगत होती, आणि सांगता सांगता बोलून गेली, आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर काय झालं ते. न्यायपीठावर एकच स्त्री न्यायाधीश होत्या, नवनीतम पिल्ले, मूळच्या तमिळ, दक्षिण आफ्रिकेतल्या. त्यांनी साक्षीदारांना त्याविषयी विचारलं. आणखी बायका बोलल्या. आरोपपत्र बदललं. 2 सप्टेंबर 1998 ला निकाल आला, आणि बलात्कार हे वंशसंहाराचं हत्यार असतं हे आंतरराष्ट्रीय न्यायालयानं पहिल्यांदा मान्य केलं. एवढा मोठा निकाल, आणि त्याच्या मुळाशी कुणीतरी विचारलं, एवढंच.

दुसरा इथला, मुंबईचा. बिल्कीस बानो 3 मार्च 2002 रोजी एकवीस वर्षांची होती, पाच महिन्यांची गरोदर. गुजरातच्या दाहोद जिल्ह्यात, दंगलीतून पळून जाताना, तिला जमावानं गाठलं. तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला, घरची 14 माणसं मारली गेली, त्यात तिची तीन वर्षांची सालेहा. तिनं तक्रार दिली तेव्हा ती मोडून-तोडून लिहिली गेली, आणि पुढे प्रकरण बंदही झालं. सर्वोच्च न्यायालयानं तपास सीबीआयकडे दिला आणि 2004 साली खटला गुजरातेतून मुंबईत आणला. या शहरात येऊन तिनं एकेकाला ओळखून दाखवलं. 21 जानेवारी 2008 ला न्यायाधीश यू. डी. साळवी यांनी अकरा जणांना जन्मठेप दिली. 4 मे 2017 ला न्यायमूर्ती विजया ताहिलरमाणी आणि मृदुला भाटकर यांनी ती कायम केली, आणि नोंदी बिघडवणाऱ्या पोलिसांना आणि डॉक्टरांनाही दोषी धरलं. या शहरानं एका बाईचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं. मला मुंबईचा एवढा अभिमान फार कमी वेळा वाटला आहे.

मग 15 ऑगस्ट 2022 आला. आमच्या सोसायटीत प्रत्येक खिडकीत तिरंगा होता. त्या दिवशी गोध्र्याच्या तुरुंगातून ते अकरा जण शिक्षामाफीवर सुटले आणि दारातच त्यांना मिठाई भरवली गेली. संध्याकाळी बातमी आली. झेंडावंदनाचे बुंदीचे लाडू आमच्या घरी अजून डब्यात होते. सोसायटीच्या ग्रुपवर त्या रात्री झेंड्यांचे फोटो आले, देशभक्तीची गाणी आली. बिल्कीसचं नाव कुणी काढलं नाही. मीही लिहिलेलं वाक्य पुसलं. 8 जानेवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं ती माफी रद्द केली. शिक्षा महाराष्ट्रात झाली, तेव्हा गुजरातला तो अधिकारच नव्हता, असं सांगितलं. 21 जानेवारीला, मुंबईच्या निकालाला बरोबर सोळा वर्षं झाली त्या दिवशी, ते परत तुरुंगात गेले. सतरा महिने ते मोकळे होते. ते सतरा महिने तिनं कसे काढले असतील, याची चौकशी आपल्यापैकी किती जणांनी केली?

मणिपूरच्या तपासावर देखरेख ठेवायला सर्वोच्च न्यायालयानं 2023 च्या ऑगस्टमध्ये मुंबईचे माजी पोलीस आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांना नेमलं. पीडितांसाठी नेमलेल्या तीन स्त्री न्यायाधीशांच्या समितीत आपल्या उच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्ती शालिनी फणसळकर-जोशी होत्या. म्हणजे मणिपूर इतकंही लांब नाही. तिथल्या बायकांची कहाणी आपल्याच माणसांच्या टेबलावर येऊन पडली आहे. ती तिथून आपल्या ओट्यापर्यंत, डब्यापर्यंत येऊ द्यायची की नाही, हे मात्र न्यायालय ठरवणार नाही.

तुमच्या घरात, शेजारात कुणी म्हातारी असेल. पंजाबातून आलेली असेल, सिंधमधून, ढाक्याकडून, दंगलीनंतर वस्ती बदलून आलेली असेल. बोटांवर माणसं मोजताना एखाद्या बोटापाशी थांबत असेल, "ती तिकडेच राहिली" म्हणत असेल. त्या वेळी विषय बदलू नका. तिच्यावर काय गुदरलं हे खोदून काढू नका, त्याचा आपल्याला हक्क नाही. जी राहिली तिचं नाव काय होतं, एवढं विचारा. आणि सांगितलं तर लिहून ठेवा.

दादींच्या बहिणीचं नाव मला माहीत नाही.