पॅडची पारख

मोटारींना पॉलिश मारणाऱ्या आपल्या मुलांनी फोमच्या पॅडच्या रंगावर जाऊ नये. प्रत्येक कंपनीची खूण निराळी. बोटाने दाबून पाहावे. कडक फोम ओरखडे काढतो, मऊ फोम चमक आणतो. सुरुवात मऊनेच करावी, कारण रंगावरचा पारदर्शक थर जेमतेम 40-50 मायक्रॉनचा, केसाहून बारीक. धारेवर त्याहूनही पातळ.

कल्याण-शीळ रस्त्यावरील एका गॅरेजात आमच्या वस्तीतल्या मुलाच्या हातून बोनेटची धार जळली. मालकाने पगार कापला. आम्ही जाऊन पॅड दाबला, तर फोम बसका, वर येईचना! असा पॅड लवकर तापतो. अर्धा पगार सुटला, उरलेल्यासाठी आम्ही भांडतो आहोत.

फोम बसला किंवा पाठचे वेलक्रो सुटू लागले, की मशीन बंद करून नवा पॅड मागावा, आणि तोही सोबतच्या कामगारांदेखत.