परसात पुरलेले रांजण

मद्य हा शब्द उच्चारताच आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी उमटते, आणि ती उमटावी हेच योग्य होय. प्रस्तुत लेखकाने आयुष्याच्या चौसष्ट वर्षांत त्याच्या थेंबासही स्पर्श केलेला नाही व ह्यापुढे करण्याचा मानसही नाही. तथापि जे आपण सेवन करीत नाही ते पाहूही नये, असा काही शास्त्राचा दंडक नाही. गेल्या आश्विनात जॉर्जिया देशातील काखेती प्रांती पंधरवडाभर राहण्याचा योग आला. तेथे खेड्यांतून घरोघरी द्राक्षांचे मद्य करितात. ते कसे करितात, कसे बिघडते, आणि बिघडल्यावर शेजारी परस्परांशी कसे वागतात, हे पाहून जे मनात आले ते वाचकांपुढे ठेवितो.

काखेती हा त्या देशाचा पूर्वेकडील प्रांत. राजधानी त्बिलिसीहून निघून गोंबोरीचा घाट उतरला, की समोर अलाझानी नदीचे विस्तीर्ण खोरे पसरते, आणि त्याच्या पलीकडे कॉकेशस पर्वताची रांग उत्तर दिशेस भिंत घातल्याप्रमाणे उभी राहते. खोरे द्राक्षवेलींनी भरलेले. अंगणातील मांडवावर वेल, ओटीच्या कठड्यावर वेल. माझी पुतणी त्बिलिसीस वैद्यकीचे शिक्षण घेत आहे. आमच्याकडील पुष्कळ मुलेमुली सांप्रत त्या कारणे तेथे असतात. तिच्या एका मैत्रिणीच्या आजोळी, तेलावी शहराजवळच्या खेड्यात, आमचा मुक्काम होता. घरधनी सत्तरी उलटलेले, पूर्वी गावच्या शाळेत गणित शिकविणारे गृहस्थ. दुभाष्याचे काम पुतणी करी.

त्यांच्या भाषेची एक मौज सांगतो. त्यांच्यात 'मामा' म्हणजे बाप आणि 'देदा' म्हणजे आई! भेटीअंती आपण रामराम म्हणतो, तसे ते 'गामार्जोबा' म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशी विजय हा अर्थ आहे. आम्ही महाराष्ट्रातील, गोव्याचे शेजारी, हे कळताच म्हाताऱ्याने उठून माझे दोन्ही हात हाती घेतले. त्याचे कारण असे की, काखेतीची राणी केतेवान हिला इराणच्या शहा अब्बासाने १६२४ साली ठार मारविले. तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनियन पंथाच्या पाद्र्यांनी १६२७ साली गोव्यास नेला होता. जुन्या गोव्यातील त्या पंथाच्या पडक्या मंदिरात सापडलेला तो अवशेष हिंदुस्थान सरकारने २०२१ साली जॉर्जियास अर्पण केला. एवढ्या नात्यावर आम्ही त्या घरचे झालो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली 'मराणी' दाखविली. मराणी म्हणजे मद्य करण्याची खोली. आत पाऊल ठेवून पाहतो तो जमीन सपाट, आणि तीत दगडी झाकणांची सहा वर्तुळे. प्रत्येक झाकणाखाली गळ्यापर्यंत पुरलेला एकेक रांजण. ह्या रांजणास 'क्वेव्री' म्हणतात. आकार अंड्यासारखा, बूड निमुळते. कुंभार तो चाकावर करीत नाही; मातीच्या वळ्या एकीवर एक चढवून, खालचा थर सुकेल तसतसा, रोज थोडा थोडा वाढवितो. मोठ्या रांजणास ह्याप्रमाणे महिने लागतात. भाजल्यानंतर तो कोमट असतानाच आतून मधमाशांचे मेण चोळितात, म्हणजे मातीची छिद्रे बुजतात. एकदा पुरला की तो पुन्हा काढावयाचा नाही. नातवंडांनीही तोच वापरावयाचा.

सुगीत द्राक्षे ओंडका कोरून केलेल्या लांब द्रोणीत पायांनी तुडवितात. रस रांजणात जातो, आणि काखेतीच्या रीतीप्रमाणे साली, बिया व देठ असा सारा चोथाही त्यात घालितात. आमच्या वैद्यांच्या आसवारिष्टांस धायटीची फुले लागतात. इकडे काहीच लागत नाही. द्राक्षाच्या सालीवर आणि त्या खोलीतच वस्तीस असलेले किण्व आपण होऊन रसास उकळी आणते. त्या दिवसांत चोथा वर तरंगून येतो. तो दिवसातून तीनचार वेळा, रात्रीही उठून, लांब दांड्याने खाली दाबावा लागतो. उकळी शमली की झाकण ठेवून कडेने ओली माती लिंपितात आणि वसंतापर्यंत रांजणास हात लावीत नाहीत. निमुळत्या बुडाचा उपयोग असा, की बिया तेथे जमून त्यांवर गाळाचा थर बसतो आणि त्यांचा कडवटपणा वरच्या रसात उतरत नाही. जमिनीच्या पोटात उष्णमान फारसे हलत नाही, हा दुसरा लाभ. आमच्या ग्रंथांतही तुपाचा हात दिलेल्या घटात आसव भरून, तोंडास मातीचा लेप देऊन, तो भूमीत अथवा धान्याच्या राशीत पुरावा असे सांगितले आहे; चरकाने तर चौऱ्यांशी आसवांची गणना केली आहे. घटस्थापनेच्या दिवसांत परदेशी हे पाहताना मौज वाटली.

आता बिघाडांविषयी. सायंकाळी पाचसहा शेजारी अंगणातील मांडवाखाली जमले. मजपुढे नुकत्याच तुडविलेल्या द्राक्षांचा गोड रस ठेविला होता आणि 'चुर्चखेला' नावाचा खाऊ: अक्रोडाच्या फोडी दोऱ्यात ओवून, पीठ घालून आटविलेल्या द्राक्षरसात पुनःपुन्हा बुडवून वाळवितात, दिसावयास मेणबत्ती, चवीस उत्तम. मला वाटले होते, आता जो तो आपल्या कसबाची प्रौढी मिरवील. झाले उलट. जो तो आपली फजिती सांगू लागला.

एकाने रांजण काठोकाठ भरला होता. उकळी येताच रस फुगून रात्री बाहेर पडला, उंबऱ्यावरून अंगणात वाहिला आणि सकाळी कोंबड्या तांबड्या पायांनी हिंडताना दिसल्या. "चौथा हिस्सा रिकामा ठेवावा," म्हाताऱ्याने मुलांकडे वळून सांगितले. एका आजीबाईंच्या झाकणाचे मातीचे लिंपण थंडीत तडकले, आत वारा शिरला, आणि वसंतात उघडून पाहतात तो सारा शिरका! वाऱ्याशिवाय आंबट करणाऱ्या जंतूंचे चालत नाही, म्हणून लिंपण ओले ठेवावे लागते. बाईंनी त्या वर्षी गावभर शिरका वाटला व पुढे कित्येक महिने प्रत्येक घरच्या ताटात आपली चूक चाखिली. तिसऱ्याच्या रांजणास केसाएवढी भेग होती. अर्धा रस भूमातेने प्राशन केला. चौथ्याने घासण्यात आळस केला होता. आत कुंच्याने घासून, वारंवार पाणी बदलून, शेवटचे पाणी स्वतः पिण्याजोगे निघेतो धुवावे, असा नियम आहे. तो मोडल्याने त्याच्या मद्यास उंदराचा वास आला, आणि लग्नात ते कोणी ओठास लाविले नाही. सर्वजण पोट धरून हसले, तोही हसला.

मग एकदम शांतता पसरली. रस उकळताना कर्बवायू निघतो. तो हवेहून जड असल्याने रांजणात व बंद खोलीत तळाशी साचतो. त्यास वासही नाही. शेजारच्या गावी एक तरुण रिकामा रांजण धुवावयास उतरला तो वर आलाच नाही, आणि त्यास काढावयास गेलेला भाऊही गेला. पूर्वी जळती मेणबत्ती खाली सोडून पाहत. परंतु दिवा मालविण्यापूर्वीच तो वायू माणसास घातक होऊ शकतो, हे आता ज्ञात आहे; म्हणून दारे उघडून वारा खेळवावा आणि बाहेर दुसरे माणूस असल्यावाचून कोणी उतरू नये. ही हकीकत दरवर्षी सुगीस मुद्दाम मुलांदेखत सांगतात, असे घरधन्यांनी मला सांगितले.

ह्या विद्येचे वय ऐकून विस्मय वाटेल. त्बिलिसीच्या दक्षिणेस गदाच्रिली गोरा व शुलावेरिस गोरा येथील उत्खननात मिळालेल्या खापरांवर द्राक्षमद्याचे अवशेष असल्याचे संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केले. ती खापरे सुमारे ८,००० वर्षांची आहेत. एवढी जुनी विद्या विसाव्या शतकात लोपण्याच्या बेतास आली होती. सोव्हिएत राजवटीत मळे सरकारजमा झाले, कारखान्यांनी पीक अधिक देणाऱ्या मोजक्या जाती धरिल्या, आणि देशातील पाचशेंहून अधिक देशी जातींपैकी बहुतेक बाजूस पडल्या. १९८५ साली मद्यनिषेधाची मोहीम निघाली तेव्हा पुष्कळ वेल उपटले गेले. पुढे २००६ साली रशियाने ह्या देशाचे मद्य घेणे बंद केले, ते २०१३ पर्यंत, व्यापार कोसळला. ह्या सर्व घालमेलीत रांजणाची रीत कोठे जगली? कुंपणाआड, परसात. ज्या २०१३ साली तो बाजार पुन्हा उघडला, त्याच साली युनेस्कोने ह्या रीतीस मानवजातीच्या वारशात गणिले. परंतु ती जगविली ती अशा निवृत्त मास्तरांनी व आजीबाईंनी.

आता धोका निराळा आहे. घरधन्यांच्या सहा रांजणांपैकी चारच भरले होते. थोरला मुलगा जर्मनीत, धाकटा त्बिलिसीत. रात्री उठून चोथा दाबावयास म्हाताऱ्याच्या खांद्यात बळ नाही. मोठा रांजण घडविणारे कुंभारही देशात थोडेच उरले आहेत. "कृती कागदावर लिहून ठेविली आहे काय?" असे मी विचारले. ते म्हणाले, "कृती दोन ओळींची आहे. बिघाड शंभर आहेत, आणि ते लिहून कोण ठेवितो? ते ऐकावे लागतात, त्याकरिता मांडवाखाली बसावे लागते."

चाळीस वर्षे अध्यापन केलेल्या माणसास ह्या वाक्याने विचारात पाडिले. आम्ही मुलांस बरोबर उत्तरे शिकविली. चुकीची उत्तरे तांबड्या शाईने खोडून टाकिली. घरगुती विद्येचे मर्म मात्र त्या खोडलेल्या भागात असते. आमच्याकडील लोणची, कुरडया, काढे, आसवे ह्यांची कृती आता कोणत्याही पुस्तकात मिळते. बरणीवर बुरशी का आली आणि त्या वर्षी आजीने काय केले, हे पुस्तकात नसते. ते जिला ठाऊक आहे ती जोवर घरात आहे, तोवर तिच्याजवळ बसून तिच्या फजित्या ऐकून घ्याव्या, इतकेच ह्या प्रवासाचे फलित वाचकांस सांगावयाचे आहे.