मटकी कोणी भिजवायची?

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी शनिवार-रविवार नवराबायकोचे नसतात. जेजुरीला जाऊन येणं, कुलदेवतेची ओटी, आत्याकडे जेवण, मामेसासऱ्यांकडे चहा. प्रत्येक घरातून नारळ, ब्लाउजपीस आणि ‘काय गं, रुळलीस का?’ हा प्रश्न घेऊन बाहेर पडायचं. खरं रुळायचं असतं ते सोमवार ते शुक्रवारात, संध्याकाळी साडेसातनंतर. तो भाग बघायला कुणी पाहुणा येत नाही, म्हणून त्याबद्दल लिहिते आहे.

आम्ही दोघं पुण्यात, म्हाळुंग्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. दोघांची ऑफिसं हिंजवडीत, पण वेळा वेगळ्या. मी कराडची, नवरा रत्नागिरीकडचा. घर लावलं तेव्हा आहेरातले तीन कुकर आणि दोन लेमन सेट माळ्यावर गेले, आणि ओट्याशेजारच्या फळीवर आलं ते आईनं बॅगेत सरकवलेलं ‘रुचिरा’. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली निघालं आणि तेव्हापासून सासरी निघालेल्या कितीतरी लेकींच्या सामानातून ते गेलं आहे. वाटी-चमच्याच्या मापात सगळं सांगितलेलं, त्यामुळे नवख्या हातालाही भीती वाटत नाही.

तसे आम्ही दोघंही अगदी नवखे नव्हतो. नवरा रूमवर मित्रांसोबत राहताना स्वयंपाक शिकला, मी आईच्या हाताखाली. त्यामुळे ‘येतं का’ हा प्रश्न आमच्याकडे कधी आलाच नाही. भांडण झालं ते नारळ आणि शेंगदाणा यांच्यात. मी वांग्याच्या भाजीत दाण्याचं कूट घातलेलं पाहून तो म्हणाला, “आज उपास आहे का?” त्यानं मटकीच्या उसळीत ओलं खोबरं पेरलं, तेव्हा मी म्हटलं, “हे गोडाचं कशाला केलंस?” माझ्या माहेरचा कांदा-लसूण मसाला त्याला पहिल्या घासाला ठसका लावायचा आणि त्याच्या घरची आमसुलं मला प्रत्येक पदार्थात कशाला, असं वाटायचं.

या भांडणात आधी हरले ती मी, आणि हरवलं कुळथाच्या पिठीनं. सासूबाईंनी भाजून दळलेलं कुळथाचं पीठ बरणी भरून दिलं होतं. एका रात्री दोघंही नऊच्या पुढे घरी पोचलो आणि ऑर्डर करावं की काय, असा विचार चालू असताना नवऱ्यानं एकीकडे भाताचा कुकर लावला. गार पाण्यात तीन चमचे पीठ गुठळी राहणार नाही असं कालवलं. कढईत तेल, मोहरी, हिंग, मग ठेचलेला लसूण आणि दोन मिरच्या. लसूण तांबूस झाल्यावर त्यात पाणी, मीठ आणि ते कालवलेलं पीठ ओतलं, वर दोन आमसुलं टाकली आणि डाव फिरवत राहिला. “आता थांबायचं नाही, नाहीतर तळाला धरतं,” एवढंच म्हणाला. पाच-सात मिनिटांत रटरट सुरू झाली आणि कच्च्या पिठाचा वास जाऊन सगळं घर लसणाच्या फोडणीनं भरलं. कुकरची वाफ जिरायच्या आत पिठी तयार होती. आमच्याकडे पिठलं म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचं, ज्वारीच्या भाकरीवर घ्यायचं, सोबत बुक्कीनं फोडलेला कांदा. ते मी आजही सोडलेलं नाही. पण दमून आल्यावर गरम भातावर पातळ पिठी आणि तुपाची धार यासारखं दुसरं काही नाही, हे मान्य करून टाकलं.

तेव्हापासून आठवड्याचा बेत बसत गेला. एक दिवस पिठी-भात, एक दिवस मुगाची खिचडी आणि कढी, एक दिवस भाजणीची थालीपिठं, एक दिवस उसळ, आणि शुक्रवारी जे उरलं असेल त्याचा फोडणीचा भात. रविवारी रात्री पाहुणचार आटपून आलो की तासभर ओट्याशी दोघंही. नारळ खवून फ्रीजरमध्ये, दाण्याचं कूट डब्यात, कांदा-खोबरं भाजून वाटण, लसूण सोलून बरणीत. एवढं हाताशी असलं की आठवड्यातला कुठलाही स्वयंपाक अर्ध्या तासाच्या वर जात नाही.

अडचण स्वयंपाकात नव्हतीच. ती होती ‘आज काय करायचं?’ यात. उसळीचंच बघा. मटकी सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून फडक्यात बांधायची, तेव्हा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोड दिसतात. थंडी असेल तर तेवढ्यानंही भागत नाही. म्हणजे बुधवारी रात्री ताटात येणारी उसळ मंगळवारी सकाळी कुणाच्या तरी डोक्यात यावी लागते, तीही ऑफिसला निघायच्या गडबडीत. दही लावायला विरजण शिल्लक ठेवायचं, सिलिंडर संपत आलाय का बघायचं, भाजणी संपायच्या आधी आईला फोन करायचा. यातलं एकही काम पाच मिनिटांच्या वर नाही. पण ते कुणीतरी डोक्यात वागवत असतं. आणि आमच्या घरात ते डोकं हळूहळू माझंच झालं होतं. नवरा भांडी घासायचा, भाजी चिरायचा, कणीक मळायचा, आणि अगदी मनापासून विचारायचा, “सांग, काय करू?” हे सांगण्याचंच ओझं होतं, ते मात्र मला नीट शब्दांत धरता येत नव्हतं.

गाडीच्या बाबतीत नेमकं उलटं झालं असेल, असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. तिथंही डोकं माझंच. नवऱ्याच्या मावसभावानं नवीन गाडी घेतली, तेव्हा त्याची २०१४ची छोटी गाडी आम्ही घेतली. जुनी गाडी घेताना किल्ली आणि पैसे यांची अदलाबदल झाली की काम संपलं, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नावबदल करायचा असतो, चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज द्यायचा असतो, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर आपल्याकडे येत नाही, हेही तेव्हाच कळतं. माझ्या वडिलांनी बरीच वर्षं जीप चालवली, त्यामुळे हे शब्द माझ्या कानावर होते. मग कागद माझ्याकडे आले, पीयूसीची तारीख माझ्याकडे आली, आणि पहिला पाऊस पडला तसं सगळंच आलं.

दोघंही कंपनीच्या बसनं जायचो, त्यामुळे गाडी आठवडाभर पार्किंगमध्ये उभी. एका शनिवारी किल्ली फिरवली तर नुसतं टक-टक. शेजारच्या काकांनी त्यांची गाडी समोर आणून लावली आणि जंपर केबल जोडून दिली. लाल वायर दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसला, काळी त्यांच्या मायनसला आणि दुसरं टोक आमच्या इंजिनच्या उघड्या धातूला. “बॅटरीजवळ ठिणगी नको,” ते म्हणाले. पुढच्या महिन्यात उंदरांनी वायरी कुरतडल्या. पुण्यातल्या पावसाळ्यात कुठल्याही गॅरेजमध्ये हे गाऱ्हाणं ऐकायला मिळतं. उंदरांना कोरडी, उबदार जागा हवी असते आणि बॉनेटखाली ती आयती मिळते. मेकॅनिकनं वायरी जोडून वर टेप गुंडाळली आणि तंबाखूच्या पानांची पुरचुंडी आत बांधून दिली. “ताई, याचा वास त्यांना नको असतो. पण खरा उपाय एकच, गाडी फिरवत राहा,” असं म्हणाला.

दिवाळसणाला कराडला निघालो, ती धनत्रयोदशीची दुपार. नवऱ्यानं सकाळीच तिखटमिठाच्या पुऱ्या करून डब्यात भरल्या होत्या. शिरवळपर्यंत गाडी सुरेख पळाली. त्या वेळी पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढावाच लागायचा. बोगदा होता तो परतीच्या वाहनांसाठी. दिवाळीची गर्दी, पुढे ट्रकची रांग, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलांनी. आधी एसीची हवा कोमट आली. मग तापमानाचा काटा मधली रेघ सोडून वर सरकू लागला.

एसी बंद केला, खिडक्या उघडल्या आणि हीटर पूर्ण सोडला. हीटर लावला की इंजिनची थोडी उष्णता आत येते आणि इंजिनवरचा भार तेवढा कमी होतो. बाहेर ऑक्टोबरचं ऊन आणि आत भट्टी. जरा रुंद जागा मिळाल्यावर कडेला घेतली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. नवऱ्यानं उतरून मागच्या चाकाला दगड लावला. बॉनेट उघडल्यावर तो रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेणार, तेवढ्यात मी ओरडले. गरम असताना आतलं पाणी दाबाखाली असतं. झाकण सैल केलं की उकळता फवारा तोंडावर येतो. मग आम्ही कठड्याशी बसून पुऱ्या खाल्ल्या आणि वाट पाहिली.

मागं थांबलेल्या एका टेम्पोवाल्यानं खिडकीतूनच विचारलं, “फॅन फिरतोय का, बघितलं?” किल्ली नुसती ऑन करून ऐकलं. एवढ्या तापलेल्या गाडीचा पंखा घरघरायला हवा होता. तो गप्प होता. सपाट हायवेवर समोरचा वारा रेडिएटर गार ठेवतो, त्यामुळे बिघाड कळतच नाही. घाटात वेग नसतो, तिथं सगळी मदार पंख्यावर. टेम्पोवाल्यानं सांगितलं, “रिले गेली असेल. हॉर्नची काढून तिथं लावून बघा.” नवऱ्यानं फ्यूजच्या डब्याचं झाकण काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत नकाशा असतो. मोबाइलमधून त्याचा फोटो मोठा करून तो वाचत गेला आणि मी बोट ठेवत गेले. हॉर्नची रिले त्याच मापाची निघाली. ती काढून पंख्याच्या खाचेत दाबली आणि पंखा सुरू झाला. इंजिन गार झाल्यावर फडकं धरून झाकण उघडलं, प्यायच्या बाटल्यांतलं पाणी ओतलं आणि निघालो. कराडपर्यंत हॉर्न नव्हता. सुरूरपासून पुढे दिवाळीच्या गर्दीत एकदाही हॉर्न न वाजवता गाडी चालवता येते, हे ज्ञान वर मिळालं.

घरी पोचलो तेव्हा आई ओवाळायचं ताम्हन घेऊन दारात उभी होती आणि वडील बॉनेटजवळ. टॉर्च मारून त्यांनी आत पाहिलं आणि जावयाला विचारलं, “गाडीचं कोण बघतं?”

“आम्ही दोघंही बघतो, बाबा,” नवरा म्हणाला.

“दोघं बघतात म्हणजे एकच बघतं, नाहीतर कुणीच बघत नाही. जीप माझी होती, तर ऑइलची तारीख मला पाठ. घरातलं किराणाचं तिला पाठ. माझ्या डोक्यात किराणा कधी आला नाही, ते काही बरं नव्हतं. पण कुणाचं काय, ते ठरलेलं होतं.”

बाबांचं सगळंच मला पटलं नाही. आईच्या डोक्यात किराण्याशिवाय आणखी काय काय होतं, याची यादी मी त्यांना देऊ शकले असते. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यातली रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. हा हिशोब हात चालू असलेल्या मिनिटांचा. बसमध्ये उभं राहून ‘उद्या मटकी भिजवायची आहे’ असं आठवण्याची मिनिटं कुठल्याच तक्त्यात बसत नाहीत. पण बाबांच्या बोलण्यातला एक धागा मी धरला. आमच्याकडे कामं वाटलेली होती, आठवण ठेवणं वाटलेलं नव्हतं.

पुण्याला परतल्यावर कालनिर्णय भिंतीवरून काढून टेबलावर घेतलं. आमच्या आयांनी त्यावर दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याच्या तारखा लिहिल्या, आम्ही नावं लिहिली. कडधान्य भिजवणं, विरजण, सिलिंडर आणि बुधवार-गुरुवारचा बेत नवऱ्याचा. त्या दिवशी काय करायचं हे मी विचारायचं, त्यानं सांगायचं. टायरची हवा, कूलंट, ऑइल आणि गाडी आठवड्यातून दोनदा फिरवून आणणं माझं. विमा आणि पीयूसी त्याच्याकडे, कारण सगळे कागद एकट्या माझ्या डोक्यात नकोत. सणावारी कुणाला काय न्यायचं, हे ज्याच्या नात्यातलं त्यानं बघायचं. नियम एकच: ज्याचं नाव, त्याला दुसऱ्यानं आठवण करायची नाही. करायचीच झाली, तर नाव लिहून उपयोग काय?

सुरुवातीला याची किंमत मोजावी लागली. मोड आले नाहीत म्हणून दोन बुधवारी अंड्याची पोळी खाल्ली आणि मी तोंड आवळून गप्प बसले. ते गप्प बसणं स्वयंपाकापेक्षा अवघड होतं. तिसऱ्या आठवड्यात सकाळी ओट्यावर झाकलेलं पातेलं दिसलं. आता तो कुळीथ आणि वालही भिजवतो आणि वाल सोलायला मलाच बसवतो.

नवीन लग्न झालेल्यांना एवढंच सांगेन. भांडी कोण घासणार आणि भाजी कोण चिरणार हे तुम्ही ठरवलंच असेल, चांगलं केलंत. आता मटकी भिजवायची आठवण कुणाची, हेही ठरवा आणि नाव लिहून ठेवा. आणि घाटात जाणार असाल तर निघायच्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, कूलंटची पातळी बघा आणि गाडी तापल्यावर पंखा फिरतो का, ते एकदा ऐका.