बारीक अक्षरांतला आकडा

माझा भाचा दहावीची परीक्षा उत्तीर्ण झाला, तेव्हा त्याने घड्याळ मागितले नाही की सायकल मागितली नाही. त्याने मागितला संगणक. ‘ब्लेंडर’ नावाच्या मोफत मिळणाऱ्या आज्ञावलीत त्याला त्रिमित चित्रे घडवायची होती. कुळागरातल्या सुपारीच्या उत्पन्नातून बाजूला ठेवलेले ४५,००० रुपये बहिणीने माझ्या हाती दिले आणि म्हणाली, “दादा, तूंच पळय.” घरातल्या शिकलेल्या माणसाला सर्वच विषय कळतात, असा आपल्याकडे एक समज आहे. मी मराठी शिकवतो. पण तो समज मोडण्याचे धैर्य मला झाले नाही.

चित्रावर प्रकाश कसा पडेल, सावली कोठवर जाईल, याची असंख्य गणिते एकाच वेळी करते ते ग्राफिक्स कार्ड. चौकशीअंती ‘आरटीएक्स ३०५०’ हे नाव पक्के झाले. परंतु एका शब्दाचे दोन अर्थ असावेत, तशी या एका नावाची दोन कार्डे निघाली! जानेवारी २०२२ मध्ये आलेले कार्ड ८ जीबी स्मृतीचे आणि १३० वॅट वीज घेणारे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले ६ जीबीचे आणि अवघ्या ७० वॅटचे. मदरबोर्डाच्या खाचेतून ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. धाकट्याचे तेवढ्यात भागते. थोरल्याला मात्र पॉवर सप्लायमधून निराळी तार आणावी लागते. आम्ही थोरले घेतले. निम्मी रक्कम त्यातच गेली. मग काटकसर कोठे करावी? पत्र्याच्या त्या पॉवर सप्लायवर. ठळक अक्षरांत ‘५०० वॅट’ छापलेली एक पेटी ९०० रुपयांत मिळाली, आणि आपण व्यवहार साधला या आनंदात मी घरी आलो.

भाच्याने अंगणातले तुळशीवृंदावन रेखाटायला घेतले. चित्र रंगू लागले की संगणक पटकन बंद पडे. एकदा, दोनदा, रोजच. “रात्री खेळ खेळत बसत असशील,” असे मी त्याला सुनावले, तेही चारचौघांत. तो काही बोलला नाही. मान खाली घालून उठून गेला. ती खाली गेलेली मान मला अजून दिसते.

आषाढातल्या एका संध्याकाळी बहीण स्वयंपाकघरातून ओरडली, “दादा, कितें तरी जळटा!” भाच्याने धावत जाऊन वीज तोडली, म्हणून बाकीचे भाग बचावले.

दुसऱ्या दिवशी ती पेटी मी आमच्या पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांपुढे ठेवली. त्यांनी ठळक आकड्याकडे पाहिलेही नाही. चष्मा वर सारून त्यांनी बारीक अक्षरांतला तक्ता वाचला : १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. “बारा गुणिले सोळा किती?” त्यांनी मला विचारले. १९२ वॅट! आजच्या संगणकात प्रोसेसर आणि कार्ड, दोघेही या १२ व्होल्टवरच जगतात. कार्डाचे १३०, प्रोसेसरचे निदान ६५, बेरीज १९५. पंखे आणि डिस्क तर अजून धरलेच नव्हते. ५०० हा आकडा ३.३ आणि ५ व्होल्टचे रकाने मिळवून फुगवलेला; जिथे गरज, तिथे पेटी रिती. धाकटे कार्ड असते तर निदान कागदावर तरी निभावले असते. पण तसल्या पेटीवर मी आता पंखासुद्धा लावणार नाही.

उतारा शेवटपर्यंत वाचा, असे मी वर्गात वर्षाला शंभरदा तरी सांगत असेन.

त्या रात्री मी भाच्याची क्षमा मागितली. तो ओशाळून हसला आणि म्हणाला, “मामा, मीही लेबल वाचलं नव्हतं.” नवा पॉवर सप्लाय ४५० वॅटचा, म्हणजे आकड्याने लहानच, पण १२ व्होल्टवर ३६ अँपिअर, म्हणजे ४३२ वॅट देणारा. ३,००० रुपये पडले, ते माझ्या पगारातून. त्यावर ‘८० प्लस ब्राँझ’ हे चिन्हही होते. ते चिन्ह घेतलेल्या विजेपैकी वाया किती जाते एवढेच सांगते, टिकाऊपणाची हमी देत नाही, हे भाच्याने मला समजावले. यावेळी तक्ता त्यानेच आधी वाचला होता.

पुढल्या रविवारी चित्र पुरे झाले. बहिणीने पदराला हात पुसत पडद्याकडे बराच वेळ निरखून पाहिले.

“तुळस बरी जाल्या,” ती म्हणाली. “पूण दिवो खंय?”

भाचा पुन्हा खुर्चीवर बसला.